कपाटातली खाट

प्रिय कोद्रूत,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू आधी दचकशील. आईने पत्र कशाला लिहिलं, फोन का नाही केला, असं वाटेल. फोन नाही केला, कारण फोनवर तू फार गोड बोलतोस. तू बोलायला लागलास की मला विचारायचं असतं ते मी विसरते, आणि फोन ठेवल्यावर कळतं की रागवायचं मला होतं आणि समजूतही मीच तुझी काढली. कागद मला मध्येच तोडत नाही, म्हणून कागद घेतला. सिल्विऊ शुक्रवारी आपली मिनीबस घेऊन गावाकडे निघतोय, वाटेत क्लुजला तुझ्या हातात देतो म्हणालाय. त्याच्याकडे एक पिशवीही दिली आहे. त्यात कॉफी आहे आणि तुझ्यासाठी एक स्वेटर. गळ्याशी बोचेल, आतून शर्ट घाल.

इकडचं म्हणशील तर माझ्या म्हातारीची, एल्वेझियाबाईंची, तब्येत बरी आहे, डोकं मात्र रोज थोडं थोडं निसटतंय. त्यांचं टोप्यांचं दुकान बंद होऊन जमाना झाला, पण बाई सकाळी कॉफी प्यायला बसतात त्या टोपी घालूनच. परवा मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "माफ करा हं, तुमच्या मापाचं आमच्याकडे काही नाही. तुमचं डोकं फार मोठं आहे." मी म्हटलं, "ते लहानपणापासून आहे, बाई." तर म्हणाल्या, "मग आईने काहीतरी करायला हवं होतं." मी हसले, त्याही हसल्या. अशा वेळी या मिलानमध्ये मला बरं वाटतं. निकुलाईमामाचा फोन होता. गावच्या घरी आजीच्या खोलीतली शेगडी धूर टाकतेय, गवंडी बोलवायला हवा. अक्रोड मात्र यंदा खूप लागलेत म्हणे, शेजाऱ्यांची पोरं भिंतीवरून उतरून नेतात. नेऊ देत. आपलं कोण आहे तिथे खायला?

आता मुद्द्यावर येते. गेल्या आठवड्यात या घरात तुझं कपाट आलं.

दोन हमाल घेऊन आले. जिन्याच्या वळणावर ते अडकलं, तेव्हा खालच्या मजल्यावरचे म्हातारे बाहेर येऊन ओरडले, "कोण गेलं?" त्यांना ती शवपेटीच वाटली. बाईंची मुलगी दोनाता हसत हसत खाली धावली आणि त्यांना सांगू लागली की हे फर्निचर आहे, खूप गाजलेलं आहे, बक्षीस मिळालेलं आहे. दोनाता घरसजावटीचं मासिक चालवते. तुझ्याशी बोलताना मी तिला नेहमी 'बाईंची मुलगी'च म्हणत आले, त्यामुळे तिचं नाव तुझ्या कानावरून कधी गेलं नसेल. हमालांनी स्वयंपाकघर आणि बाईंची खोली यांच्यामधल्या बोळात ते भिंतीला लावलं, वेष्टन काढलं, आणि मी हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिले. ओळखायला मला एक क्षणही लागला नाही. उंच, अरुंद, फिकट ओक लाकडाचं कपाट. दार उघडलं की आतून खाट खाली उतरते. उशाशी एक फळी, एकच फोटो मावेल एवढी. एक खुंटी, एका कपड्याची. आणि उशाकडच्या फळीला ते गोल भोक, म्हणजे पलीकडच्या खोलीतून कोणी हाक मारली की ती थेट कानात.

ते भोक कुठून आलं हे तुझ्या-माझ्याशिवाय जगात कोणाला ठाऊक आहे, सांग.

तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतास. उन्हाळ्यात माझ्याकडे आला होतास, आणि गुरुवारच्या सुट्टीत आपण दोघं कालव्याच्या काठावर बसून चेरी खात होतो. तू विचारलंस, "आई, मी तिसरीत असताना तू इथे आलीस, तेव्हा पहिल्या घरात झोपायचीस कुठे?" तोवर मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. आजीलाही नाही. घरी मी नेहमी लिहायची, माझी खोली आहे, खिडकी आहे, खिडकीत जिरेनियम आहे. त्या दिवशी मात्र खरं सांगितलं. बोळातल्या भिंतीतल्या कपाटाचे कप्पे काढून तिथे माझी खाट टाकली होती. दिवसा दार लावून घ्यायचं, म्हणजे पाहुण्यांना दिसायला नको. मागच्या भिंतीतून पूर्वी शेगडीच्या धुराचा नळ जायचा, त्याचं भोक तसंच राहिलं होतं, आणि त्यातून मी सांभाळायची तो म्हातारा मला हाक मारायचा. तुझा फोटो मी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला होता, कारण भिंतीवर परक्यांचे फोटो मालकिणीला चालत नसत. मी बोलत राहिले, तू चेरीच्या कागदी पिशवीवर पेन्सिलीने रेघा ओढत राहिलास. मला वाटलं, पोराला रडू येतंय, ते लपवायला मान खाली घातलीय. मी तुझ्या केसांवरून हात फिरवला, आठवतं?

पुढे तू ते कपाट बनवलंस तेव्हा मला वाईट वाटलं नाही. हे तू नीट ऐक, कारण तुला वाटेल आईला फर्निचरमधलं काही कळत नाही म्हणून ती चिडली. तू फोनवर सांगितलंस, "आई, मी एक वस्तू केलीय, तुझ्यासारख्या बायकांवर. नाव ठेवलंय 'इथे कोणी राहत नाही'. लोकांनी ते दार उघडावं, आत आडवं व्हावं आणि त्यांना लाज वाटावी, म्हणून केलीय." मला फार बरं वाटलं होतं, राजा. इतकी वर्षं माझ्या अंगावर जे होतं ते कोणीतरी चार लोकांत मांडलं, आणि ते माझ्या लेकाने मांडलं. प्रदर्शनात तू मला बोलावलं नाहीस. म्हणालास, प्रवास, सुट्टी, उगाच दगदग. मी म्हटलं, खरंय. बक्षीस मिळालं तेव्हा बागेतल्या बाकावर मी सगळ्यांना केक वाटला. आपल्याकडच्या सगळ्या बायका तिथे सुट्टीच्या दुपारी जमतात. त्यातली वास्लुईची तुदोरित्सा तुला माहीत आहे, तिच्या तोंडाला कुलूप नाही. ती म्हणाली, "अस्पाझिया, पोराने तुझी खाट बनवली, चांगलं केलं. आता त्याला म्हणावं, एक खुर्ची बनव, तुला घरी बसायला." सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

मग ते कपाट एका कारखान्याला दिलंस, हे मला तू सांगितलं नाहीस. ते मला गेल्या आठवड्यात कळलं, या बोळात. तीन रंगांत मिळतं म्हणे. गादी जरा जाड केलीय, आणि नावही बदललंय. आता त्याला 'सोबत' म्हणतात. दोनाता मला कौतुकाने दाखवत होती. "पिया, हे बघ," म्हणाली. अस्पाझिया त्यांच्या जिभेला जड जातं, म्हणून इथे मी पिया. "हे भोक बघ. किती विचार केलाय! आईने नुसतं हं केलं तरी तुला ऐकू येईल. आणि दिवसा बंद केलं की बोळ कसा मोकळा!" कोद्रूत, ज्या भोकाची लोकांना लाज वाटावी म्हणून तू ते कोरलंस, तेच आता सोय म्हणून खपतंय. तुला हे कळलं नसेल असं म्हणू नकोस. करारावर सही तू केलीस.

आणि ही वस्तू आली म्हणून माझी खोली गेली. स्वयंपाकघराच्या बाजूची माझी लहान खोली, अंगणाकडे खिडकी असलेली, या घरात पहिल्या दिवसापासून मला मिळालेली. एल्वेझियाबाईंनी स्वतः दिली होती, डोकं ठिकाणावर होतं तेव्हा. म्हणाल्या होत्या, "माणसाला दार लावून घेता आलं पाहिजे, आतून." आता तिथे दोनाताचं टेबल येणार. ती आठवड्यातले निम्मे दिवस इथून काम करणार म्हणते. वाईट बाई नाही ती. तिने मला विचारलंही, "तुझी काही हरकत नाही ना, पिया? आता एवढं सुंदर काहीतरी आलंय." जोवर असली वस्तू बाजारात नव्हती तोवर म्हातारीला सांभाळणाऱ्या बाईला एक खोली द्यावी लागत होती, रे. आता बोळ पुरतो, आणि बोळात झोपवल्याचं वाईटही वाटत नाही, कारण त्याला बक्षीस मिळालंय.

एवढंही मी गिळलं असतं. खरंच गिळलं असतं. तुझं पोट त्यावर आहे, स्टुडिओचं भाडं आहे, तुझ्याकडे काम करणाऱ्यांचे पगार आहेत, अशी मनाची समजूत मी घालून घेतलीच होती. पण त्या दुपारी दोनाता म्हणाली, "झोपून दाखव ना, पिया, बघू दे कशी मावतेस." मी चपला काढल्या आणि आडवी झाले. मावले. मावणारच. तेवढ्यात एल्वेझियाबाई काठी टेकत टेकत बोळात आल्या, डोक्यावर ती जांभळी टोपी. माझ्याकडे वाकून बघितलं आणि लेकीला म्हणाल्या, "हिला पेटीत का घातलंय? मेली का ही?" दोनाता हसायला लागली. "नाही ग आई, ही खाट आहे." बाई काही ऐकेनात. माझा हात धरून ओढू लागल्या, "ऊठ ग, ऊठ, अजून ऊन आहे बाहेर." त्यांना खोलीत नेऊन बसवलं आणि दोनाता परत आली. डोळे पुसत होती, हसून हसून पाणी आलं होतं. मग एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, "खरं म्हणजे हसायला नको होतं. तुला माहितेय, पिया, ज्याने हे बनवलं त्या मुलाची आई अशीच तुझ्यासारखी इथे कामाला होती. तुमच्याकडचीच. इथेच गेली बिचारी, असल्याच एका खाटेवर. फर्निचरच्या मेळ्यात भेटला तेव्हा त्याने स्वतः सांगितलं मला. सांगताना त्याचे डोळे भरून आले होते."

मी अजून आडवीच होते, कोद्रूत. दोनाता वरून माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, "नाव काय त्याचं?" वाटत होतं, तिने दुसरंच काही नाव घ्यावं. तिने तुझं पूर्ण नाव घेतलं. कोद्रिन वासिलिऊ, तुझ्या बापाचं आडनाव लावून. माझं आडनाव लग्न मोडल्यापासून पुन्हा माहेरचं आहे, त्यामुळे तिला कशावरून कळणार? मी म्हटलं, "हो का? बिचारा." एवढंच. मग उठले, स्वयंपाकघरात गेले आणि बटाटे सोलायला बसले. किती सोलले ते कळलं नाही. संध्याकाळी दोनाता म्हणाली, "पाहुणे येणारेत की काय?"

त्या क्षणी मी तिला सांगायला हवं होतं, असं तुदोरित्साचं म्हणणं. रविवारी बागेत मी फक्त तिला एकटीला बाजूला घेऊन बोलले. तिने छातीवर क्रुसाची खूण केली. नंतर म्हणाली, "मग मेल्यावरचा विधी तरी केला का ग त्याने नीट? गोड गहू वाटले का तुझ्या नावाने? अक्रोड घातले होते का त्यात?" मला हसू फुटलं. बाकावर बसून आम्ही दोघी इतक्या हसलो की कुत्र्याला फिरवणारा एक माणूस वळून बघायला लागला. हसता हसता तिनेच माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. म्हणाली, "त्याच्या तोंडावर दार आपट, अस्पाझिया. मी असते तर आपटलं असतं." तिला स्वतःचं पोर नाही, म्हणून ती असं बोलू शकते.

त्याच दिवशी तिथूनच मी तुला फोन केला होता. तुला आठवत नसेल. तू म्हणालास, "आई, मी जरा माणसांत आहे. तू बरी आहेस ना?" मी म्हटलं, "जिवंत आहे." तू हसलास. म्हणालास, "तू पण ना." आणि ठेवलास.

तेव्हापासून मी विचार करतेय, पोराने असं का म्हटलं असेल. तू दुष्ट नाहीस. दुष्ट असतास तर सोपं झालं असतं. मला वाटतं असं झालं असणार. तू त्या कपाटाशेजारी उभा राहून सुंदर बोलत होतास, सगळे मन लावून ऐकत होते, आणि कोणीतरी भोळेपणाने विचारलं, "आणि तुमची आई? ती आता कुठे असते?" आता काय सांगणार? की ती अजून तिथेच आहे, अजून दुसऱ्यांच्या म्हातारीला न्हाऊ घालतेय, आणि मी इथे तिच्या खाटेचं बक्षीस घेऊन उभा आहे? त्याच्यापेक्षा आई गेली म्हणणं सोपं. मेलेल्या आईबद्दल पुढे कोणी काही विचारत नाही. तिला घरी का आणत नाहीस, असंही विचारत नाही. एकदा म्हटलंस, कोणाचे तरी डोळे ओले झाले, मग तेच दुसरीकडे म्हटलंस. दोनाता म्हणते तुझे डोळेही भरून आले होते, आणि मला ते खोटं वाटत नाही. तू मला मनात खरोखरच पुरलं असशील, आणि दर वेळी तुला खरोखरच वाईट वाटत असेल.

पण मला काय लागलं ते सांगते. त्या पहिल्या घरात, त्या कपाटात, मी दार आतून ओढून घ्यायची तेव्हा तुझा फोटो माझ्या नाकासमोर यायचा. शाळेतला, पुढचे दोन दात पडलेला. मालकिणीला मी भांड्यासारखी होते, म्हाताऱ्याला मी एक आवाज होते, रस्त्यावर मी कोणीच नव्हते. पण एका ठिकाणी, आपल्या गावी बर्लाडला, एक पोरगा शाळेत सांगतोय की माझी आई परदेशात आहे आणि उन्हाळ्यात येणार आहे, या एका गोष्टीवर मी तिथे तग धरून राहिले. इथे कोणी राहत नाही असं बाकी सगळ्यांनी म्हटलं, ते मला समजतं. तू म्हणायला नको होतंस. तुझ्या शिक्षणासाठी काय काय केलं ते मी काढणार नाही, ते मी हौसेने केलं आणि पुन्हा करीन. तुला सोडून आले याबद्दल तू मला जे बोलायचं ते आजीच्या अंत्यविधीला बोलून घेतलंस, मी ऐकून घेतलं. तो हिशेब संपला असं मला वाटलं होतं. तुझ्या लेखी मात्र तो संपला नव्हता, असं दिसतंय.

आता हे पत्र का, ते. येत्या मंगळवारी दोनाताच्या मासिकासाठी फोटो काढायचे आहेत, खऱ्याखुऱ्या घरात, खऱ्याखुऱ्या म्हातारीबरोबर. कारखानेवाले येणार आहेत, आणि तूही. दोनाता हरखून गेलीय. मला म्हणाली, "पिया, निळा एप्रन घाल, केस नीट बांध, आणि काहीतरी तुमच्याकडचं गोड कर, त्याला घरची आठवण येईल." पत्ता तुझ्याकडे असेल, पण घर कोणाचं हे तुला माहीत नसणार. या पत्त्यावर तू मला कधी दोन ओळी लिहिल्या असत्यास तर माहीत असतं. मी आजारी पडू शकले असते. तुदोरित्सा माझ्या जागी यायला तयारही होती. पण मी नाही म्हटलं. दोनाताला अजून काहीही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. पण तुला बेसावध गाठायचं मला जमणार नाही, तू माझा आहेस, म्हणून आधी कळवतेय. तिसरा मजला, डाव्या हाताला. बेल वाजली की दार मीच उघडते, ते माझं कामच आहे. माझ्यामागे दोनाता उभी असेल, फोटोवाला असेल, बाई टोपी घालून बसलेल्या असतील. मी तोंड उघडणार नाही. आधी तू बोलायचंस. तू "नमस्कार बाई" म्हणालास तर मीही नमस्कार म्हणेन, तुझा कोट घेईन, कॉफी आणेन, सांगतील तिथे उभी राहीन, आणि तुझी आई जिथे गेली असं तू सांगतोस तिथे ती त्या दिवसापासून खरंच गेलेली असेल, पुन्हा फोन येणार नाही. आणि दुसरा शब्द म्हणालास, तर तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हण. जिना मोठा आहे, चढताना विचार करायला वेळ मिळेल.

या घरात पिया, बाकी सगळीकडे
तुझीच आई,
अस्पाझिया